४११०४२ : स्वारगेटच्या पिनकोडातले गणित

४११०४२ हा पुण्यातील स्वारगेटचा पिनकोड. सहा अंकांची ही पद्धत देशात १५ ऑगस्ट १९७२ रोजी लागू झाली. तिची कल्पना केंद्रीय दळणवळण मंत्रालयातील अधिकारी आणि संस्कृत पंडित श्रीराम भिकाजी वेलणकर यांची. पहिला ४ हा अंक महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड या पट्ट्याचा, ४११ पुण्याचा आणि शेवटचे ०४२ टपाल कार्यालयाचे. पत्र पोचायला एवढे पुरते. पण चार लाख अकरा हजार बेचाळीस ही एक पूर्ण संख्याही आहे आणि तिच्या पोटात बरेच काही दडलेले आहे.

तिचे मूळ अवयव तीनच: २ × ३ × ६८५०७. म्हणून ती संख्या सोडून तिचे विभाजक सात: १, २, ३, ६, ६८५०७, १३७०१४ आणि २०५५२१. यांतल्या तीन मोठ्या विभाजकांची बेरीज बरोबर ४११०४२ येते. उरलेल्या चार लहानांची बेरीज १२. सहाला तीनहून मोठ्या कोणत्याही मूळ संख्येने गुणले, तरी हे असेच घडते. इथले खास वैशिष्ट्य पुढे आहे: ४+१+१+०+४+२ ही अंकांची बेरीजही १२च आहे. त्यामुळे सातही विभाजक मिळवले काय किंवा संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवली काय, उत्तर एकच, ४११०५४.

संख्येत तिच्या अंकांची बेरीज मिळवण्याच्या या क्रियेचा सखोल अभ्यास दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी केला. १९०५ मध्ये डहाणूला जन्मलेले आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेले कापरेकर देवळालीला शाळेत शिक्षक होते. या क्रियेने दुसऱ्या कोणत्याही संख्येपासून मिळत नाही, अशा संख्येला त्यांनी ‘स्वयंभू’ म्हटले. ४११०४२ स्वयंभू आहे का? सहा अंकांची बेरीज फार तर ५४ होते, त्यामुळे मागच्या ५४ संख्या तपासल्या की झाले. त्यांत एकच जुळते: ४११०२७ + १५ = ४११०४२. ४११०२७ हा पुण्याच्याच सांगवी परिसराचा पिनकोड आहे.

स्वतःच्या अंकांच्या बेरजेने नि:शेष भाग जाणाऱ्या संख्येला कापरेकरांनी ‘हर्षद’ नाव दिले. ४११०४२ ला १२ ने भागल्यास बाकी ६ उरते, म्हणून ती हर्षद नाही.

कापरेकरांची सर्वांत गाजलेली क्रिया वजाबाकीची. अंक उतरत्या क्रमाने मांडायचे, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करायची आणि येणाऱ्या उत्तरावर पुन्हा तेच करायचे. चार अंकी संख्येचे सगळे अंक सारखे नसतील, तर जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येते. सहा अंकांत मात्र असे एकच ठिकाण नाही. काही संख्या ५४९९४५ वर थांबतात, काही ६३१७६४ वर, तर काही सात संख्यांच्या चक्रात सापडतात. स्वारगेटच्या संख्येची सुरुवात अशी: ४४२११० − ०११२४४ = ४३०८६६. पुढे ८३१७६२, ७५२६४३ असे करत बाराव्या वजाबाकीला ८५१७४२ येते. तिथून ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४, ४२०८७६ आणि पुन्हा ८५१७४२. यापुढे कितीही वजाबाक्या केल्या तरी याच सात संख्या त्याच क्रमाने येत राहतात.