चिंध्यांचे चक्र आणि हक्काचा धागा

कापड वाया घालवू नका, जुन्यापासून नवा धागा करा, असे सांगणारी 'चक्राकार अर्थव्यवस्था' मुंबईच्या कापडधंद्यात आणायची चर्चा आहे. युरोपीय संघात १ जानेवारी २०२५ पासून कापडाचा कचरा वेगळा गोळा करणे बंधनकारक झाले. विचार चांगलाच आहे. प्रश्न एवढाच, की या चक्रात आपला समाज कुठे असेल?

इतिहास आठवा. परळ-लालबागच्या गिरण्यांत विणकाम खात्याचा दरवाजा अस्पृश्यांना बंद होता. तेथे धोट्यातून धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून सवर्ण कामगारांना विटाळ आडवा आला. पगार मात्र याच खात्यात जास्त! १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा अन्याय ठणकावून मांडला. पुढे १९८२ च्या संपानंतर एकेक गिरणी बंद पडली. १९९१ च्या नियम ५८ ने गिरण्यांच्या जमिनीत सार्वजनिक घरांना आणि मोकळ्या जागांना वाटा दिला. २००१ च्या दुरुस्तीने तो आटला आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती दुरुस्ती उचलून धरली.

चिंध्यांचे चक्र तर गरिबांनीच फिरते ठेवले आहे. भांडी देऊन जुने कपडे नेणारी बोहारीण, कचऱ्यातून चिंध्या वेचणारी बाई, पानिपतच्या कारखान्यात जुन्या कपड्यांचा धागा करणारा मजूर, यांना कोणी 'पर्यावरणरक्षक' म्हटले नाही.

मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळाने प्रेताची वस्त्रे नेसावीत असा हुकूम आहे. बुद्धाच्या भिक्खूंनीही टाकलेल्या चिंध्यांचे चीवर केले. जीर्ण चीवराची चादर होते, पुढे पायपुसणे होते आणि शेवटी चिंध्या चिखलात कालवून जमीन लिंपतात, असे आनंदाने उदेन राजाला सांगितल्याचे विनयपिटकात आहे. चिंधी तीच, पण एकीकडे सक्ती आहे आणि दुसरीकडे स्वेच्छा व सन्मान.

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. २०१६ च्या घनकचरा नियमांनी कचरावेचकांना मान्यता दिली. तीच कापड वेचणाऱ्यांना नावानिशी ओळखपत्रासह मिळावी. प्लास्टिकच्या उत्पादकावर कायद्याने टाकलेली जबाबदारी कापडाच्या उत्पादकावरही टाकावी आणि त्या पैशातून वर्गीकरण करणाऱ्यांना किमान वेतन, मास्क व विमा द्यावा. वर्गीकरण केंद्रे महिलांच्या सहकारी संस्थांकडे सोपवावीत. आणि हे सारे कायद्यात लिहून घ्यावे. लिहिलेला वाटाही कसा आटतो, हे गिरणगावाने पाहिले आहे. न लिहिलेल्याची तर गोष्टच सोडा.