अंगणातले कोई आणि मामा तलाव

निवृत्तीनंतर आम्ही भंडाऱ्यात अंगणातल्या हौदात कोई सोडले. हातातून दाणे टिपायचे. तो आनंद वेगळाच! पण महिन्याभरात कमळं उपटली गेली, पाणी गढूळलं. कोई म्हणजे रंगीत सायप्रिनसच. खाणं शोधताना तळ उकरतो. मग मे महिन्यात एका पहाटे सगळे मासे मेलेले. हिरवं शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतं, रात्री तोच शोषतं. पहाटे पाण्यात तो सर्वांत कमी उरतो. आपल्याकडच्या काही मामा तलावांत, म्हणजे माजी मालगुजारी तलावांत, ढिवर बांधवांनी आधी पाणवनस्पती लावल्या. स्थानिक माशांना तिथे अन्न मिळतं, आसरा मिळतो. आम्ही मात्र आधी मासे आणले, पाण्याचा विचार नंतर केला.