चिनी प्रायोगिक नाटक: उसनं कुणाचं?

चिनी प्रायोगिक नाटक म्हणजे पाश्चात्त्यांची उशिरा केलेली नक्कल, असा समज रूढ आहे. त्याला आधार इतकाच, की सांस्कृतिक क्रांतीनंतर ब्रेख्ट, बेकेट तिथल्या रंगकर्मींना खुलेपणानं वाचता आले आणि त्याच सुमारास तिथलं नाटक बदललं. पण हाती आलं ते सगळं परकं होतं का? १९३५ साली मॉस्कोत ब्रेख्टनं पेकिंग ऑपेरातले नट मेई लानफांग यांचा अभिनय पाहिला. पुढे चिनी अभिनयावर लिहिताना त्यानं कोळ्याच्या मुलीचा प्रसंग वर्णिला: होडी नाही, पाणी नाही, हातात जेमतेम गुडघ्यापर्यंत पोचणारं वल्हं, आणि तेवढ्यावर अख्खी नदी उभी राहते. ब्रेख्टचं एपिक थिएटर त्याआधीच आकाराला आलं होतं, हा आक्षेप रास्त आहे. मेईंनी ब्रेख्टला घडवलं असं म्हणता येणार नाही. पण आपल्या विचाराचा भक्कम दाखला त्याला चिनी नटात सापडला. शांघायचे दिग्दर्शक हुआंग झुओलिन यांनी १९६२ साली स्तानिस्लावस्की, ब्रेख्ट आणि मेई यांची तुलना मांडली ती उगाच नव्हे. मराठीत खानोलकरांनी ‘अजब न्याय वर्तुळाचा’ ब्रेख्टच्या ज्या नाटकावरून लिहिलं, त्याचीही मूळ कथा ली शिंगदाओच्या युआनकालीन नाटकातली. ब्रेख्टआधी क्लाबुंडनं ती जर्मन रंगभूमीवर आणली होती.

नकलेचा दाखला नेहमी दिला जातो तो नाटककार गाओ शिंगजिअन यांच्या ‘बसथांबा’चा. लिन झाओहुआ यांनी १९८३ साली बीजिंगमध्ये ते बसवलं. माणसं वाट पाहतात, म्हणजे हा बेकेटच्या ‘वेटिंग फॉर गोदो’चा चिनी अवतार, असं म्हणून अनेक जण मोकळे होतात. गाओ फ्रेंच शिकलेले होते, बेकेट त्यांना ठाऊक होता, हे खरंच. पण बेकेटच्या दोघांना जागचं हलता येत नाही. इथे एक अबोल माणूस काही न बोलता शहराकडे चालू लागतो. बस न थांबताच निघून जातात, दहा वर्षं सरतात, आणि हा थांबा कधीच बंद झाला असावा, हे उरलेल्यांना फार उशिरा उमगतं. शेवटी नट भूमिकेतून बाहेर येऊन एकाच वेळी बोलू लागतात. या प्रयोगाआधी चिनी लेखक लू श्युन यांची ‘वाटसरू’ ही १९२५ सालची नाटिका सादर होई. न थांबता चालत राहणाऱ्या वाटसरूच्या शेजारी ठेवल्यावर त्या अबोल माणसाचा पूर्वज कोण, हे कुणी सांगायला नको. तरीही मोजक्या प्रयोगांनंतर ‘आध्यात्मिक प्रदूषणा’विरुद्धच्या सरकारी मोहिमेत नाटक बंद पाडलं गेलं, आणि टीकाकारांच्या आरोपांत पाश्चात्त्य आधुनिकतावादाचं अनुकरण हाही एक होता.