चुकलेल्या नाण्याचा भाव

१९४३ साली अमेरिकेने तांबे युद्धासाठी राखून ठेवले आणि एक सेंटची नाणी जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादातून पाडली. आधीच्या काही कांस्य चकत्या मात्र टांकसाळीत मागे राहिल्या आणि त्यांवरही १९४३चा ठसा उमटला. अशी मोजकीच नाणी सापडली. त्यांतले एक २०१९मध्ये लिलावात २ लाख ४ हजार डॉलरला गेले. पोलादी सेंटवर तांबे चढवून विकणारेही निघाले. अशी नकली नाणी पकडायला साधे लोहचुंबक पुरते: पोलाद चिकटते, कांस्य चिकटत नाही. वजनातही फरक आहे, पोलादी सेंट सुमारे २.७ ग्रॅमचा, कांस्याचा ३.१.

चूक टांकसाळीतच झालेली, दुर्मीळ आणि डोळ्यांत भरणारी असेल, तरच भाव चढतो. ठशाला तडा गेल्याने उठलेली बारीक रेघ शेकडो नाण्यांवर येते. तिचे फारसे मोल नाही. ठसा मध्यापासून सरकलेले नाणे जास्त मागितले जाते.

असे नाणे हाती आले तर घासून चमकवू नका, किंमत घटते. आणि लाखोंचे आमिष दाखवून आधी कमिशन मागणाऱ्याला एक पैसाही देऊ नका. अशा फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेनेच २०२१मध्ये सावध केले आहे.