कुदळवाडीची माती

संपादक म्हणाले, भंगाराची गोदामं पाडून वर्ष होत आलं, तिथं आता काय आहे ते बघून या. म्हणून चिखलीजवळच्या कुदळवाडीत गेलो.

इतिहास ठाऊकच आहे. १९५४मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, १९६२मध्ये एमआयडीसी स्थापन झाली. टेल्को, बजाज, पुढं चाकण. कारखान्यातून गाडी निघते तसं भंगारही निघतं. ते कुदळवाडीत यायचं. फेब्रुवारी २०२५मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेनं चार हजारांहून अधिक अनधिकृत बांधकामं आठवड्याभरात पाडली.

रस्त्याकडेला एक म्हातारा भंगारवाला उरल्यासुरल्या ढिगाशी उकिडवा बसला होता. हातात सुतळीला बांधलेलं लोहचुंबक. त्यानं नळाची तोटी उचलली, चुंबक लावलं. चिकटलं नाही. कानशीनं घासताच आत पिवळं दिसलं. पितळ, वेगळ्या गोणीत. तशीच दुसरी तोटी मात्र खट्‌कन चिकटली. वर मुलामा, आत लोखंड. जळक्या मोटारीतून तांब्याची तार त्यानं उसवलेला टाका ओढावा तशी ओढली. कारखान्यानं टाकलेल्या वस्तूत काय शिल्लक आहे, हे त्याच्या बोटांना कळत होतं.

जमिनीत मुरलेलं ऑईल मात्र कुठल्याच चुंबकाला लागत नाही.

खरी अडचण ही. केमिकलची पिंपं धुतली, वायरी जाळल्या, की त्यातलं काही मातीत मुरतं, उरलेलं पावसाबरोबर नाल्यातून इंद्रायणीत जातं. पुढं आळंदी. तिथं नदीवर येणाऱ्या फेसात शहराचं सांडपाणीही आहे. सगळं पाप भंगारवाल्याच्या माथी मारून चालणार नाही. गोदामांऐवजी बंगले आले, म्हणून जागा सुधारते, असंही नाही. चिखलीतच इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेत उभे राहिलेले ३६ बंगले १७ मे २०२५ रोजी पाडावे लागले. जर्मनीत गटार बनलेली एम्शर नदी पुन्हा नदी करायला तीन दशकं लागली. आपण आठवड्यात जागा मोकळी केली, म्हणून ती बरी झाली असं कसं म्हणावं?

आणि कारखाने तर चालूच आहेत. भंगाराला पक्की फरशी आणि तेल अडवणारी टाकी असलेली हक्काची जागा दिली नाही, तर ते दुसऱ्या नाल्याकाठी जाऊन बसेल.

महापालिकेला एवढंच सांगणं: विकास आराखड्यात रंग भरण्याआधी इथली माती आणि बोअरचं पाणी तपासा, आणि तो अहवाल मराठीत, कुदळवाडीच्या चौकात लावा.