म्हैसूरच्या चित्रातला न लावलेला रंग

म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातल्या कलादालनात राजा रविवर्म्यांची तैलचित्रं बघत फिरणारा माणूस एका चित्रापुढे हमखास थबकतो. एक स्त्री हातात दिवा घेऊन उभी आहे. दुसऱ्या हाताचा आडोसा तिने ज्योतीला केला आहे, आणि उजेड बोटांतून झिरपून तिच्या चेहऱ्यावर चढला आहे. ‘ग्लो ऑफ होप’ या नावाने हे चित्र छापील प्रतींतून घराघरांत पोचलं, आणि त्याचं श्रेय फार ठिकाणी रविवर्म्यांच्या नावावर जमा झालं. रविवर्मा १९०६ मध्ये गेले. हे चित्र १९४५-४६ च्या सुमाराचं आहे, आणि काढणारा माणूस सावंतवाडीचा, मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेला: सावळाराम लक्ष्मण हळदणकर. दिवा धरून उभी राहिली ती त्यांची मुलगी गीता. चित्रकाराच्या नावाची ही चूक आता बरीच सुधारली आहे. दुसरी चूक मात्र अजून होते. बघणाऱ्यांपैकी अनेकांना हे चित्र तैलरंगातलं वाटतं. ते जलरंगातलं आहे.

जलरंग शिकू पाहणाऱ्याने ही दुसरी चूक जरा उलगडून पाहावी. तैलरंगात उजेड रंगवावा लागतो. काळोख आधी, मग ज्योत, आणि सगळ्यांत शेवटी ट्यूबमधून पिळलेला घट्ट पांढरा. जलरंगाचा व्यवहार उलटा आहे. रंगाचे कण पाण्यात आणि डिंकात तरंगत कागदावर बसतात आणि पाणी उडून गेल्यावर तिथे एक पातळ, पारदर्शक पापुद्रा राहतो. प्रकाश त्यातून आत शिरतो, खालच्या पांढऱ्या कागदावर आपटतो आणि त्याच वाटेने रंग घेऊन परत येतो. म्हणजे जलरंगाच्या चित्रात दिसणारा उजेड रंगाचा नसतोच, कागदाचा असतो. जिथे लख्ख हवं तिथे रंग लावायचा नाही, हा या माध्यमाचा पहिला नियम. त्यावरून दुसरी गोष्ट आपोआप येते, आणि या लेखाचं म्हणणं तेवढंच आहे. नवशिक्याच्या हातात जे काही पैसे असतील, त्यांतले निम्म्याहून अधिक कागदावर जायला हवेत. आपल्याकडे नेमकं याच्या उलट होतं. चोवीस रंगांची पेटी घेतली जाते, ब्रशचा संच घेतला जातो आणि उरलेल्या चिल्लरीत एक ड्रॉइंग बुक.

त्या ड्रॉइंग बुकच्या पानावर काय घडतं ते जवळून पाहू. कागद लाकडाच्या लगद्याचा, वजनाला दीडशे जीएसएमच्याही (ग्रॅम प्रति चौरस मीटर) आत. आकाशासाठी ओला ब्रश फिरवला की मिनिटभरात कागद फुगतो, त्याला लाटा येतात. पाणी उंचवट्यांवरून उतरून खळग्यांत साचतं आणि तिथे गडद डबकी तयार होतात. वरचा भाग आधीच सुकलेला असल्याने दोन पट्ट्यांच्या मध्ये कडा पडते. ती पुसायला ब्रश दुसऱ्यांदा फिरवला की कागदाचा भुगा सुटतो, त्याची लोकरीसारखी बोंडं रंगात मिसळतात आणि निळ्याचा मळकट राखाडी होतो. मुलगा किंवा साठीत हौसेने ब्रश धरलेले आजोबा मान हलवून म्हणतात, आपल्या हातात कला नाही. हात बिचारा निर्दोष असतो. जलरंगाच्या कागदात दोन गोष्टी वेगळ्या असतात. एक म्हणजे सुताचे तंतू आणि तीनशे जीएसएमच्या आसपासचं वजन, ज्यामुळे तो पाणी पिऊनही फारसा वाकत नाही. दुसरी, डोळ्यांना न दिसणारी गोष्ट म्हणजे सरसाचा किंवा तशाच द्रव्याचा लेप, ज्याला साइझिंग म्हणतात. हा लेप रंगाला काही काळ पृष्ठभागावर थोपवून धरतो आणि हाताला विचार करायला वेळ देतो. दुकानातच एक परीक्षा करता येते. नमुन्याच्या तुकड्यावर पाण्याचा थेंब ठेवावा. तो लगेच आत मुरून मागे डाग दिसला तर कागदाला साइझिंग नाही. थेंब फुगीर राहून सावकाश जिरला तर कागद घेण्याजोगा. आपल्याकडचा हातकागद अनेकदा सुताच्या चिंध्यांपासूनच बनतो आणि दिसायला देखणा असतो, पण त्यालाही ही परीक्षा लावल्याशिवाय घेऊ नये. पत्रिकेसाठी केलेला कागद टीपकागदासारखा वागतो.

जलरंगाचा इतिहासही हेच सांगतो. इंग्लंडमध्ये अठराव्या शतकाच्या मध्यावर जेम्स व्हॉटमनने जाळीच्या खुणा नसलेला गुळगुळीत विणीचा कागद काढला, त्याला सरसाचा पक्का लेप दिला, आणि पुढच्या पन्नास-साठ वर्षांत तिथली जलरंगचित्रण परंपरा भरभराटीला आली. रंगाच्या वड्या, मग ओलसर रंगांचे चौकोन, मग १८४० च्या दशकातल्या धातूच्या ट्यूबा, ही सगळी सुधारणा त्याच काळात किंवा नंतर आली. टर्नरसारखा चित्रकार लावलेला रंग ओल्या बोळ्याने उचलायचा, नखाने खरवडून पांढरं काढायचा. हे लाड व्हॉटमनचा कागद सोसत होता म्हणून शक्य झाले. हीच इंग्रजी रीत वसाहतीच्या कलाशाळांमधून मुंबईत आली आणि हळदणकरांच्या पिढीने ती आपलीशी केली. पण चित्राखालच्या पृष्ठभागाचं महत्त्व कळायला इंग्रजांची गरज होती असं मुळीच नाही. म्हैसूरच्याच पारंपरिक चित्रशैलीत, तिच्या सोन्याच्या वर्खाच्या देवादिकांत, चित्राआधी पाटीवर कागद चिकटवून पृष्ठभाग तयार करण्याचा खटाटोप मोठा असतो. वर्खाखालचा उठाव द्यायला पांढरी भुकटी, डिंक आणि गँबोज नावाचा पिवळा चीक यांची लुकण वापरतात. गंमत अशी की हाच गँबोज इंग्रजी जलरंगाच्या पेटीतही पारदर्शक पिवळा म्हणून पूर्वी मानाने बसलेला असे. चित्राखाली तयार केलेल्या पृष्ठभागाला मराठीत ‘जमीन’ म्हणतात. तो शब्द ज्या कारागिरांनी रूढ केला, त्यांना पेरणीआधी नांगरट लागते हे ठाऊक होतं.

आता पहिला आक्षेप, आणि तो खिशाचा आहे. चांगला कागद महाग पडतो, शिकताना तर तो वायाच जाणार, मग आधी स्वस्तावर हात बसवून नंतर महागाकडे का जाऊ नये? ऐकायला हे शहाणपणाचं वाटतं, पण स्वस्त कागदावर बसलेला हात चुकीचाच बसतो. तो घाबरून कमी पाणी घ्यायला शिकतो, रंग चोपडायला शिकतो, एकाच जागी चार वेळा घासायला शिकतो. पुढे हे सगळं विसरावं लागतं. खर्चाचा हिशेबही दिसतो तितका वाईट नाही. जलरंगाचा पूर्ण ताव साधारण २२ बाय ३० इंचांचा असतो. त्याचे साडेसात बाय अकराचे आठ तुकडे होतात, आणि सुती कागदाच्या दोन्ही बाजू वापरता येतात. एका तावात सोळा चित्रं. त्यासमोर चोवीस रंगांची पेटी ठेवा. त्यातले निम्मे रंग इतर दोन रंगांच्या मिश्रणाने सहज होतात. अल्ट्रामरीन निळा, एक लिंबाकडे झुकणारा पिवळा, एक गुलाबीकडे झुकणारा लाल आणि बर्न्ट सिएना, एवढ्या चार ट्यूबांत वर्ष निघतं. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळले की जो करडा मिळतो, तो कोणत्याही काळ्या ट्यूबपेक्षा जिवंत असतो. ब्रश एकच, गोल, दहा किंवा बारा नंबरचा, ओला केल्यावर ज्याला टोक येतं असा. मिश्रणाला पांढरी चिनीमातीची बशी, आणि पाण्याची भांडी दोन: एक ब्रश धुवायला, एक स्वच्छ पाणी घ्यायला.

तंत्रांची नावं पुस्तकांत डझनभर सापडतील. मुळात प्रश्न दोनच आहेत: कागद ओला की कोरडा, आणि ब्रशमध्ये पाणी किती. सगळ्याचा पाया वॉश, म्हणजे रंगाचा सलग पातळ थर. पाटीला कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीने डकवावा, पाटी मागून दोन बोटं उचलावी आणि बशीत लागेल त्याच्या दुप्पट रंग आधीच कालवून ठेवावा. भरल्या ब्रशने वरून एक आडवी पट्टी ओढली की तिच्या खालच्या काठाला रंगाचा एक ओघळ जमतो. पुढची पट्टी या ओघळाला नुसता स्पर्श करून ओढायची, म्हणजे तो खाली सरकतो. तळाला पोचल्यावर पिळलेल्या ब्रशने तो टिपून घ्यायचा. मागे वळून दुरुस्ती करायची नाही. प्रत्येक पट्टीला थोडं पाणी वाढवत गेलं की तोच वॉश खाली फिका होत जातो आणि क्षितिजाकडे उतरणारं आकाश मिळतं. कागद ओला असताना दुसरा रंग सोडला तर ढग, धुकं, पाण्यातली प्रतिबिंबं. पूर्ण सुकल्यावर पातळ थर चढवला तर सावल्या आणि कातडीच्या छटा. या दोहोंच्या मधली वेळ, म्हणजे कागदाची चमक नुकती गेलेली असते ती, घातकी. तेव्हा ओला ब्रश टेकला की फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे डाग उमटतात. ही वेळ हवेवर ठरते. पावसाळ्यात कोकणात कागद सुकता सुकत नाही, विदर्भातल्या एप्रिलमध्ये वॉश अर्ध्यावरच सुकून बसतो. शिवाय जलरंग सुकल्यावर फिका पडतो, हे धरून लावतानाच थोडा गडद लावायचा.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पांढरा रंग वापरायचाच नाही हा इंग्रजी सोवळेपणा झाला, आपली लघुचित्रं तर अपारदर्शक रंगांतच फुलली, असं कोणी म्हणेल. ते खरंच आहे. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसलेली मराठी मुलंही पोस्टर रंगांवरच वाढली. अपारदर्शक रंगाला कमी लेखण्याचं कारण नाही. मात्र ते वेगळं माध्यम आहे आणि त्याची शिस्त वेगळी. पारदर्शक जलरंग शिकणाऱ्याच्या हाताशी पांढरी ट्यूब असली की तो उजेड राखून ठेवायला शिकतच नाही, कारण शेवटी लावू म्हणून मन निर्धास्त होतं. आधी राखायला शिकावं, मग खुशाल पांढरा वापरावा. ‘जलरंगात चूक दुरुस्त होत नाही’ हा धाकही अर्धवट खरा आहे. अल्ट्रामरीनसारखे रंग चांगल्या कागदावरून ओल्या ब्रशने बरेचसे उचलले जातात. थॅलो निळ्यासारखे मात्र तंतूंत रुततात. म्हणजे माफीसुद्धा कागदाच्या गुणावर अवलंबून.

हळदणकरांबद्दल सांगतात की जलरंगाच्या या सहजी न पुसता येणाऱ्या स्वभावाशीच त्यांना पैज लावायची होती, आणि मुलीला साधारण तीन तास उभं करून त्यांनी ते चित्र काढलं. तीन तासांचं कौतुक करताना एक तारीख लक्षात ठेवावी. मुंबईत स्वतःची कलासंस्था त्यांनी १९०८ मध्ये सुरू केली होती. हे चित्र झालं तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती, आणि विद्यार्थ्यांना वॉश शिकवायला लागून सदतीस-अडतीस वर्षं झाली होती. म्हैसूरला जाल तेव्हा त्या चित्रात सर्वांत उजळ जागा कुठे आहे, आणि तिच्या भोवती किती काळोख रंगवावा लागला आहे, ते पाहा. तोवर एक ताव आणा, आठ तुकडे करा, आणि पहिल्या तुकड्यावर नुसतं आकाश.