ग्राहकाचं जेवण आणि आयकर

ग्राहकाला जेवायला नेलं, तर तो खर्च धंद्याच्या नफ्यातून वजा होतो का? होतो, पण आयकर कायद्याची कसोटी कडक आहे: खर्च पूर्णपणे आणि केवळ धंद्यासाठीच हवा. घरच्यांचं जेवण त्यात बसत नाही. म्हणून बिल हातात पडताच त्याच्या मागे लिहा: कोण होतं, कोणत्या कामासाठी भेटलो. हॉटेलच्या बिलावरची अक्षरं काही काळाने पुसट होऊ शकतात, तेव्हा मोबाइलवर फोटोही काढा. एका दिवसात एकाच हॉटेलला 10,000 रुपयांहून अधिक रोख दिलेत, तर ती वजावट सहसा नाकारली जाते. जेवणावरच्या जीएसटीचं क्रेडिट मात्र सर्वसाधारणपणे मिळत नाही.